एका चुलीच्या दोन बाटल्या

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेहरूण तलावाच्या बांधावर दुर्बीण डोळ्याला लावून चांदवे, ते काळे पाणपक्षी, मोजत होतो. "डॉक्टरसाहेब, तुम्ही संशोधन केलंत, जगभरच्या लोकांबरोबर काम केलंत. आमच्या दिवाळी अंकासाठी त्यातले आनंदाचे क्षण लिहा," असं ते म्हणाले. मी हो म्हटलं आणि माझी मोजणी चुकली. पुन्हा पहिल्या चांदव्यापासून सुरुवात करावी लागली. घरी येऊन सौभाग्यवतींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आनंदाचे क्षण? तुमचे? मग अर्धं पान पुरेल."

त्यांचं खरं आहे. मी जळगावात उभी हयात फिजिशियन म्हणून काढली आणि त्यातली बरीच वर्षं दवाखाना सांभाळून संशोधन केलं. संशोधन म्हटलं की लोकांना काचेच्या नळ्या आणि पांढरे उंदीर आठवतात. माझ्या संशोधनात दोन्ही नव्हतं. माझं संशोधन म्हणजे ब्लडप्रेशरचा पट्टा, बॉलपेन आणि फॉर्म. माणसाला दहा मिनिटं शांत बसवायचं, तीन वेळा प्रेशर मोजायचं, आकडा चौकोनात लिहायचा. असे चौकोन मी इतके भरले आहेत की झोपेतही भरीन. ते जगात कुठे कुठे जमा होत, तिथे कोणीतरी बेरजा करी आणि काही वर्षांनी एक लेख छापून येई. त्यात शेवटी बारीक अक्षरांत शेकडो नावं असत. त्यांत माझंही असे. ते शोधायला भिंग लागे.

तरी मी ते काम सोडलं नाही. त्याचं कारण साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातले एक आबा.

तेव्हा मी तरुण होतो आणि धुळ्याला नोकरीत होतो. एका तपासणीसाठी आमची जीप साक्रीच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर गेली होती. लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा करायचे, बाटल्यांवर नंबर टाकायचे आणि पुढे पाठवायचे, एवढंच काम. ओळीत सगळ्यांच्या शेवटी एक म्हातारे आबा होते. त्यांनी बाही वर केली, हात पुढे केला, आणि मी सुई टोचणार एवढ्यात तो मागे घेतला. "भाऊ," ते म्हणाले, "बठ्ठा गावनं रगत लई जातस. वापस काय लई येतस?"

मी म्हणालो, "रिपोर्ट पाठवू, आबा."

"मांगला सालले बी एक साहेब आना व्हता. त्यानाबी रिपोर्ट यी ऱ्हायना शे अजून," असं म्हणून आबांनी पुन्हा हात पुढे केला. राग नव्हता. फक्त मला ते माहीत असावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते रिपोर्ट पाठवणं माझ्या हातात नव्हतं आणि ते पाड्यावर कधीच पोचले नाहीत. मला त्याची लाज वाटली, आणि आजही वाटते. पुढे स्वतःच्या जबाबदारीवर पहिलं संशोधन घेतलं तेव्हा मी मनाशी ठरवलं की ज्याच्याकडून काही न्यायचं, त्याच्या दारात निकाल घेऊन स्वतः जायचं. साठ घरं असोत की सहाशे.

ही गोष्ट त्याच हट्टाची आहे. तो मला महागात पडला.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या, अनेक देशांत एकाच वेळी चाललेल्या संशोधनात मी सामील झालो. प्रश्न साधा होता. ज्यांचं ब्लडप्रेशर थोडंसंच वाढलंय, फार नाही, त्यांना आधीच एक छोटी गोळी सुरू केली तर पुढचा लकवा, पुढचा झटका टळतो का? तेव्हा त्यावर डॉक्टरांमध्ये एकमत नव्हतं. काही म्हणत, गोळी द्या. काही म्हणत, मीठ कमी करा, चाला आणि थांबा. अशा वेळी जग एकच करतं: निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली पोकळ गोळी. कोणाला कोणती, हे दूरदेशीच्या कॉम्प्युटरनं सोडत काढून ठरवायचं. ते ना पेशंटला माहीत, ना मला. बाटल्या सारख्या, गोळ्या सारख्या, फरक फक्त चिकटवलेल्या नंबराचा. कोणाचं प्रेशर एका मर्यादेपलीकडे गेलं, तर त्याला ताबडतोब संशोधनातून काढून नेहमीचं औषध द्यायचं, अशी अट होती.

माहिती लपवायची ती कशासाठी, हे समजावणं सर्वांत अवघड. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कापडाचं दुकान असलेले एक शेठजी होते. त्यांचे पणजोबा मारवाडातून इकडे आलेले. त्यांना परदेशी गोळीची फार हौस. सगळा फॉर्म मी वाचून दाखवला, त्यांनी मन लावून ऐकला आणि विचारलं, "म्हणजे डॉक्टरसाहेब, गाठोड्यात माल आहे की चिंध्या, हे तुम्हालाही ठाऊक नाही?"

"नाही."

"आणि घेऊन घरी जायचं मी?"

"हो."

"गाठोडं सोडून बघितल्याशिवाय आमच्या सात पिढ्यांत कोणी माल उचललेला नाही," ते म्हणाले आणि हात जोडून उठले. पुढेही ते दवाखान्यात येत राहिले आणि दर वेळी विचारत, "उघडलं का तुमचं गाठोडं?"

शेठजींसारखे आणखी काही जण नाही म्हणून गेले आणि माझी यादी भरेना. तेवढ्यात असोद्याहून सिंधूबाई आणि कमलबाई आल्या.

दोघी जावा. नवरे सख्खे भाऊ, केळी आणि कापूस एकत्र, चूल एक. सिंधूबाई थोरल्या, साठीच्या आसपास, उंच, बोलण्यात करारी. सारं गाव त्यांना अक्का म्हणे, मीही म्हणू लागलो. कमलबाई धाकट्या, दहा-अकरा वर्षांनी लहान, कमी बोलणाऱ्या. सोळाव्या वर्षी त्या घरात आल्या तेव्हा सासू नव्हती. भाकरी थापण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं अक्कांनीच शिकवलं आणि केलं. लग्न होऊन आल्याच्या पहिल्या दिवशी नवी नवरी बुजली म्हणून अक्कांनी तिला आपल्या ताटात जेवायला बसवलं. तेव्हापासून दोघी एकाच ताटात जेवत. नातवंडं झाली तरी. हे मला अक्कांनीच हसत सांगितलं होतं.

हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, मले मरनाचं भेव नही. पन माह्या मायले लकवा झाल्ता. सा वरीस तिले म्या हातानं भरवलं. तसं कोन्हाच्या हातचं खाऊन जगनं मले नको. ते टळत असंन त द्या गोळ्या."

दोघींचं प्रेशर थोडं वाढलेलं होतं. दोघी सगळ्या अटींत बसत होत्या. एका घरातली दोन माणसं घेऊ नका, असं नियमाच्या पुस्तकात कुठे लिहिलं नव्हतं. ज्यांनी ते पुस्तक लिहिलं त्यांच्या देशात दोन जावा एका ताटात जेवत नसाव्यात. पण मी तर खान्देशातला. माझी आई आणि काकू एका चुलीवर तीस वर्षं रांधत होत्या. लग्नाच्या घरून आलेला लाडूसुद्धा आमच्या घरात बोटानं मोडून सारखा वाटला जाई. मला कळायला हवं होतं. पण यादी भरायची होती. मी दोघींचे अंगठे नव्हे, सह्या घेतल्या. अक्कांनी सही कमलबाईंकडून शिकून घेतली होती. दोघींना दोन बाटल्या दिल्या.

दर तीन महिन्यांनी त्या एसटीनं येत. आधी उरलेल्या गोळ्या मोजायच्या, मग प्रेशर. दोघींच्या गोळ्यांचा हिशेब चोख असे. पहिल्या दोन खेपांत कमलबाईंचं प्रेशर छान उतरलं. अक्कांचं जागचं हललं नाही, उलट चार-दोन आकड्यांनी वरच गेलं. आणि मी काय करत होतो? दोघींना शेजारी शेजारी बसवून दोघींचे आकडे मोठ्यानं सांगत होतो, आधी धाकटीचा, मग थोरलीचा. ही माझी दुसरी चूक.

तिसऱ्या खेपेला बाहेर पडताना कमलबाई मागे थांबल्या. "डाक्टर, आक्काचं काबरं उतरत नही?"

"सांगता येत नाही, कमलबाई. मर्यादेच्या आत आहे. मीठ कमी करा."

"तिची बाटली बदलून द्या नं."

"ती माझ्या हातात नाही."

त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि गेल्या. मी फॉर्म भरला.

त्यानंतरच्या खेपेला अक्कांचं प्रेशर उतरलेलं होतं आणि कमलबाईंचं चढलेलं. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. दोन्ही आकडे मर्यादेच्या आतच होते, म्हणून कुठलीही धोक्याची खूण उमटली नाही. पण मला ते दिसलं, हे मी कबूल करतो. दिसलं आणि मी त्याला कारणं शोधली. मे महिना होता. जळगावच्या मे महिन्यात घामानं कोणाचंही प्रेशर उतरतं, म्हणून अक्कांच्या शेऱ्यात मी लिहिलं, 'उन्हाळा'. आणि त्याच दिवसांत आमच्याकडे घरोघरी ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड घालतात. बाया काम करता करता उडदाच्या लाट्या तेलात बुडवून खातात, बिबड्यांचा खारट घाटा वाटीत घेऊन खातात, म्हणून कमलबाईंच्या शेऱ्यात लिहिलं, 'पापडाचे दिवस'. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. ही आपली माती आहे, इथली नाडी परक्याला काय कळणार, असं मनात आलं.

आठवड्याभरात दूरदेशीच्या कचेरीतून विचारणा आली: 'पापड हे औषध आहे काय? असल्यास त्याची मात्रा कळवावी.' मी आणि माझी नर्स पोट धरून हसलो. मग पापड म्हणजे काय, उडीद म्हणजे काय, आमच्या बाया ते कधी आणि किती खातात, यावर मी दीड पान इंग्रजीत लिहून पाठवलं. तिकडून आभाराचं पत्र आलं. उन्हाळा सरला, पापड डब्यांत गेले, पुढच्या खेपेलाही आकडे तसेच उलटे होते. मी तेव्हाही असोद्याला जाऊन चुलीपाशी बसून विचारलं नाही की बायांनो, घरी गोळ्या कशा घेता? माझ्या घरापासून मोटारसायकलीनं अर्धा तासही लागला नसता.

त्या दिवाळीच्या आधी, घर सारवताना, कमलबाई खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

दवाखान्यात आणलं तेव्हा मी पहिल्यांदा अक्कांना रडताना पाहिलं. रडता रडता त्या धाकटीवर ओरडत होत्या. "कशी हयगय केली वं! गोळ्या टायमावर घेत जाय, घेत जाय, किती डाव सांगतलं! माहं पाह्य, म्या येक दिवस खाडा नही केला." जीव वाचला. महिन्याभरानं कमलबाई घरी गेल्या. त्यांना घरी पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तलावावरही न जाता, मी दोघींचे सगळे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी मांडले. एक रेघ उतरत गेलेली आणि दुसरी चढत गेलेली. बरोबर तिसऱ्या खेपेनंतर एकमेकींना कापून गेलेल्या. उन्हाळा आणि पापड मिळूनही अशी सरळ फुली मारू शकत नाहीत. मी मोटारसायकल काढली.

अक्का मळ्यात होत्या. कमलबाई ओसरीत खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी बसलो आणि सरळ विचारलं, "कमलबाई, बाटल्यांचं काय केलं होतं?"

त्यांना बोलता येत नव्हतं. डाव्या हाताला तिपाईवर दोन वाट्या होत्या, एकीत पाणी, एकीत भाताची पेज. त्यांनी डाव्या हातानं हळूहळू पाण्याची वाटी पेजेच्या जागी सरकवली आणि पेजेची पाण्याच्या जागी. मग माझ्याकडे पाहिलं. समजलं का, असं.

"अक्कांना माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. नाही. मग डाव्या हाताचं बोट उचलून ओठांवर ठेवलं आणि माझी मान हो म्हणेपर्यंत खाली घेतलं नाही.

मी घरी आलो आणि दार लावून घेतलं. डॉक्टर लोक रडत नाहीत, असा समज असल्यास तो दूर करावा.

मग जे नियमानं करायला हवं ते केलं. दोघींना संशोधनातून काढलं आणि नेहमीचं, माहितीचं औषध सुरू केलं. अक्कांना एवढंच म्हटलं, परदेशी गोळ्या आता बंद. वर कळवलं की या दोन नंबरांच्या गोळ्यांची घरात अदलाबदल झाली होती. उत्तर आलं, सभ्य आणि थोडक्यात: नोंद घेतली, मात्र नियमाप्रमाणे प्रत्येक व्यक्ती सोडतीत ज्या गटात पडली त्याच गटात मोजली जाईल.

हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. संशोधनात कोणी प्रत्यक्ष कोणती गोळी खाल्ली यावरून त्याचा गट बदलायला लागलं, तर सोयीचे आकडे इकडे आणि गैरसोयीचे तिकडे करायला वेळ लागत नाही. म्हणून सोडतीला हात लावायचा नाही. नियम योग्य आहे, आणि मी आजही विद्यार्थ्यांना तोच शिकवीन. पण त्याचा अर्थ असा झाला की खरी गोळी जर कमलबाईंच्या नावावर असेल, तर कमलबाईंचा लकवा त्या गोळीच्या खात्यावर पडला. आणि अक्का धडधाकट राहिल्या, ते पोकळ गोळीच्या खात्यावर. जिनं स्वतःची गोळी दुसरीला दिली, तिचा हात, तिची वाचा, सगळं जगाच्या बेरजेत उलट्या बाजूला गेलं. एवढ्या मोठ्या बेरजेत दोन माणसांनी काही फरक पडत नाही. निकाल शेवटी गोळीच्या बाजूनंच लागला. मोठ्या सभागृहात कोणीतरी तो वाचून दाखवला, टाळ्या पडल्या असतील. मी गेलो नव्हतो.

निकालानंतर प्रत्येकाला पत्र द्यायचं होतं: तुम्हाला सोडतीत कोणती गोळी आली होती. बाकीच्या केंद्रांनी पोस्टानं पाठवली. मी साक्रीच्या आबांना स्मरून दारोदार गेलो. शेठजी यादीत नव्हते, तरी त्यांना सांगितलं, गाठोडं उघडलं आणि माल खरा निघाला. शेवटी दोन पाकिटं उरली. ती दोन महिने माझ्या खणात पडून होती.

मी गेलो तेव्हा जेवणाची वेळ होती. दोघी एकाच ताटापाशी बसल्या होत्या. कळण्याची भाकरी चुरून अक्का कमलबाईंना घास भरवत होत्या आणि बोलणं चालूच होतं. "हे पाह्य भाऊ, माह्या मायचं केलं, आता हिचं करते. दोघीले सारख्याच गोळ्या व्हत्या. म्या घेतल्या, मी उभी हाये. हिनं हयगय केली." कमलबाई घास चावत होत्या आणि वाकड्या झालेल्या ओठांनी हसत होत्या. गावात सगळे हेच म्हणत, हे मला ठाऊक होतं. एसटीत, लग्नात, पाण्याच्या टाकीपाशी: कमलनं गोळ्या घेतल्या नाहीत, म्हणून पडली.

माझ्या जिभेवर आलं होतं. खोटं माझ्यानं ऐकवत नाही, हा माझा जुना रोग आहे. पण पाकिटं मी खिशातून काढली ती कमलबाईंकडे पाहत. अक्कांनी विचारलं, "काय हाये ते?"

"आभाराची पत्रं," मी म्हणालो. "दोघींना एकच."

इतक्या वर्षांच्या कामात ज्याच्याकडून नेलं त्याला खोटं सांगण्याची ती पहिली वेळ. कमलबाईंनी डावा हात पुढे करून दोन्ही पाकिटं घेतली आणि गोधडीखाली सरकवली. अक्का हात धुवायला गेल्या तेव्हा मी हळूच म्हणालो, "तुम्हाला तरी सांगू का, खरी कोणाची होती?" कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी आकड्यांवरून अंदाज केला होता, इतकंच. आतून खात्री नसताना त्यांनी ते केलं होतं.

तोपर्यंत त्यांना तुटक बोलता येऊ लागलं होतं. एकेक शब्द शोधून, थांबून थांबून त्या म्हणाल्या, "नको. समजलं त... येखांद्या दिवशी... तोंडातून निंघून जाईन. भांडन त... होतंच नं घरात."

त्यानंतर कित्येक हिवाळे मी तलावावर चांदवे मोजत काढले. मोजण्याचं काम मला आवडतं, कारण थव्याबद्दल काहीतरी पक्कं बोलता येतं: यंदा जास्त आले, यंदा कमी आले. एखादा चांदवा का परतला नाही, हे मात्र कोणीच सांगू शकत नाही. संशोधनाचंही तसंच आहे. हजार माणसांना गोळी दिली तर त्यातल्या काहींचा लकवा टळतो, हे छातीठोक सांगता येतं. पण तो कोणाचा टळला, हे नाही. "डॉक्टर, या गोळीमुळेच मी वाचलो ना?" असं आजवर किती जणांनी विचारलं, आणि मी प्रत्येकाला हेच उत्तर दिलं: एका माणसाचं सांगता येत नाही. लोक हिरमुसले, तरी मी शब्द बदलला नाही.

यंदा थंडी सरता सरता अक्का गेल्या. वय झालं होतं. जेवून उन्हात बसल्या होत्या, तिथेच मान टाकली. कोणाच्या हातचं खावं लागलं नाही. मी दारावर, सांत्वनाला गेलो. बायांची गर्दी ओसरल्यावर कमलबाईंनी मला आत बोलावलं. केस पांढरे झाले होते, बोलणं अजून सावकाश, पण स्वच्छ. सून ताट वाढून ठेवून गेली होती. कमलबाई ताटाच्या एका कडेला बसल्या होत्या आणि भाकरी अर्ध्यावरच मोडलेली होती. अर्धी तशीच.

त्यांनी गोधडीखालून दोन्ही पाकिटं काढली. कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण चिकटवलेली तशीच होती.

"वाचा आता," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही फोडली आणि वाचली. सिंधूबाईंना सोडतीत पोकळ गोळी. कमलबाईंना औषधाची गोळी. वाचून दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले. त्यांना वाचता येत होतं. त्यांनी स्वतः पुन्हा वाचलं, ओठ हलवत. मग ताटाकडे पाहिलं.

"म्हंजे मी दिल्या त्या खऱ्या व्हत्या."

"हो."

"मंग आक्काले लकवा नही झाला, तो माह्याच गोळ्यांनं नं, डाक्टर?"

उत्तर मला पाठ होतं. कदाचित अक्कांना गोळीशिवायही काही झालं नसतं. कदाचित कमलबाई गोळी घेऊनही पडल्या असत्या. दोन बायांवरून काहीच सिद्ध होत नाही. मी जन्मभर हेच सांगत आलो, आणि ते खरं आहे. कमलबाई माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता.

"हो, कमलबाई," मी म्हणालो. "तुमच्याच गोळ्यांनी."

त्यांनी मान हलवली. कागदांची घडी घातली, दोन्ही पाकिटं पुन्हा गोधडीखाली ठेवली आणि डाव्या हातानं डोळे पुसले. मी उठलो तेव्हा म्हणाल्या, "आता आक्का गेली. आता कोन्हाले वाईट वाटनार? तुम्ही कुठी लिव्हत असान त लिव्हा. नावासकट लिव्हा. माह्या लेकीले, नातीले समजू द्या. इतकं वरीस म्या आयकून घेतलं, आक्कासाठी."

संपादकांनी आनंदाचे क्षण मागितले होते. माझ्याजवळ हा एक निरोप आहे, तो पोचवतो. असोद्याच्या कमलबाईंनी गोळ्यांची हयगय केली नव्हती.